मावशीला वाचून दाखवलेल्या कादंबऱ्या : वाचनालय खरेदीच्या नोंदी

८ जून २०२५
आजपासून नोंदी ठेवायला सुरुवात. गल्लीतल्या वाचनालयाला यंदा नवीन पुस्तकांसाठी ६,००० रुपये मिळालेत. मिटिंगमध्ये ठरलं की निम्मे पैसे तरी अलीकडच्या कादंबऱ्या आणि थ्रिलरवर घालायचे, कारण देवघेवीचं रजिस्टर बघितलं तर तेच पंधरा-वीस जण पुस्तकं नेतात, कॉलेजची पोरं येतात, कपाटासमोर उभी राहतात आणि रिकाम्या हातानं जातात. निवडायचं काम माझ्याकडं आलंय. मी एकच अट घातली, मी स्वतः वाचल्याशिवाय कुठलंही नाव यादीत जाणार नाही. रिव्ह्यू वाचून पुस्तकं घ्यायची आणि मग ती कपाटात पिवळी पडायची, हे आता पुरे.

दुसरं म्हणजे इथं बेळगावात शहापूरला राहणाऱ्या मावशीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजव्या डोळ्याचं. दीड-दोन महिन्यांनी डावा. डॉक्टरांनी डोळ्याला ताण द्यायचा नाही म्हणून सांगितलंय आणि तिला तर वाचल्याशिवाय झोप लागत नाही. लग्नाच्या आधी ती भाड्यानं आणून बाबूराव अर्नाळकर वाचायची, झुंजार, काळा पहाड सगळे तोंडपाठ. काल म्हणाली, "एक वेळचं जेवण नको रे, पण कायतरी वाचून दाखव." म्हणून ठरवलं, उद्यमबागेतल्या कारखान्यातनं पहिली शिफ्ट सुटली की चारला घरी हातपाय धुऊन तिच्याकडं, दीड तास मोठ्यानं वाचन. इंग्रजी असेल तर तिथल्या तिथं मराठीत सांगायचं.

१२ जून
पहिलं पुस्तक, अ‍ॅलेक्स मायकेलिडीसचं ‘द सायलेंट पेशंट’ (२०१९). सगळी पोरं हेच मागतात. ॲलिशिया नावाची चित्रकार बाई नवऱ्याला पाच गोळ्या घालते आणि त्यानंतर एक शब्द बोलत नाही, आणि थिओ नावाचा मानसोपचारवाला तिला बोलतं करायच्या मागं लागतो. सुरुवात ऐकून मावशी उठून बसली. डोळ्यावर तो हिरवा काळपट गॉगल, हातात थेंबांची बाटली, आणि म्हणते, "बोलत नाही म्हणजे हिला कायतरी ठाऊक हाय, पुढं वाच."

१७ जून
संपलं. शेवटचा झटका खराच जोराचा आहे, मलाही कळला नव्हता, मावशीला निम्मा कळला होता. पण तिनं नंतर जे विचारलं ते मी दोन दिवस डोक्यात घेऊन फिरतोय. म्हणाली, "आता हे परत वाचलं तर काय?" मी काल रात्री पहिली ऐंशी पानं परत वाचली. शेवट माहीत असताना वाचलं की कळतं, त्या इस्पितळातली बाकीची माणसं नुसती संशय पसरायला उभी केलीत, त्यांना घर नाही, भूक नाही, काही नाही. आमच्याकडं कारखान्यात कास्टिंग म्हणजे साच्यात ओतलेला धातूचा भाग येतो, बाहेरनं गुळगुळीत, हातात घेतलं की जड, झकास वाटतं, आणि मशीनवर एक कट घेतला की आत ब्लोहोल, हवेची पोकळी. तसं. वाईट नाही म्हणणार मी, अल्केस्टिसची जुनी ग्रीक गोष्ट त्यानं आत चांगली बसवलीय, नवऱ्यासाठी मरायला तयार झालेली आणि परत आल्यावर गप्प राहिलेली बाई, ते चित्राचं प्रकरण मला आवडलं. पोरांना वाचायची सवय लागायला उत्तम. एक प्रत घ्यायची.

पण आजपासून परीक्षा हीच, ट्विस्ट कळल्यावर पुस्तकात काय उरतं.

२४ जून
पाऊस लागलाय, खानापूरकडनं येणाऱ्या पोरांची कामावर दांडी. मी डबल शिफ्ट केली, चार दिवस वाचन नाही. मावशी रुसली.

२९ जून
फ्रीडा मॅकफॅडनचं ‘द हाऊसमेड’ (२०२२). श्रीमंताच्या घरी कामाला लागलेली मिली, माळ्यावरची तिची खोली, आणि त्या खोलीला कडी बाहेरनं. एवढं एकच चित्र पुस्तक ओढून नेतं. बाहेरच्या कडीपाशी आलो तेव्हा मावशीकडं भांडी घासायला येणारी अक्का पण दारात येऊन उभी राहिली आणि हातातला घासणीचा फेस तसाच ठेवून वीस मिनिटं ऐकत राहिली. शेवटी मी तिला पाट दिला. तिनं मालकिणीबद्दल जे अंदाज केले ते माझ्या आणि मावशीच्या अंदाजापेक्षा जास्त बरोबर निघाले. दुसऱ्याच्या घरात काम करणाऱ्या बाईला घरमालकांच्या तऱ्हा आपल्यापेक्षा जास्त दिसतात हे मला त्या दिवशी नीट कळलं.

२ जुलै
घोटाळा. मी रस्त्यावरच्या स्टॉलवरनं स्वस्तात घेतलेली प्रत. पान १७६ नंतर सरळ १९३. एक अख्खा फर्मा, सोळा पानं गायब, आणि तीही नेमकी पुस्तक फिरतं तिथली. तिघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसलो. प्रत परत द्यायला गेलो तर स्टॉलवाला ऐकूनच घेईना. शेवटी ऑफिसमधल्या एका मॅडमकडनं चांगली प्रत आणून ती सोळा पानं वाचली. वाचनालयासाठी नियम लिहून ठेवतो: बिल असल्याशिवाय पुस्तक घ्यायचं नाही. डुप्लिकेट छपाईत शंभर रुपये वाचतात आणि वाचणाऱ्याचा विश्वास जातो, शिवाय लेखकाला एक पैसा जात नाही.

पुस्तकाबद्दल माझं मत: पळवतं जोरात, मनात काही ठेवत नाही. अक्काला मात्र पूर्ण सांगून झालं पाहिजे, म्हणून शेवट दोनदा सांगितला. तिच्यासाठी घ्यायचं, म्हणजे कुणीतरी वाचून दाखवेल.

९ जुलै
केगो हिगाशिनोचं ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. मूळ जपानी, २००५ चं, तिथला नाओकी पुरस्कार मिळालेलं. यात खून पहिल्याच प्रकरणात आपल्यासमोर होतो. डब्याच्या दुकानात काम करणारी यासुको, तिची पोरगी, त्रास द्यायला आलेला आधीचा नवरा, आणि शेजारी राहणारा गणिताचा मास्तर इशिगामी, जो सगळं निस्तरायला पुढं येतो. कोणी मारलं, कसं मारलं, सगळं माहीत. मग उरलं काय असं वाटतं, आणि उरतं ते इतकं मोठं असतं की मला शेवटचं प्रकरण मोठ्यानं वाचता आलं नाही, गळा दाटला, पाणी पिऊन परत बसलो.

१३ जुलै
यावर नीट लिहायचंय. कॉलेजचा एक पोरगा म्हणाला, "दादा, यावरचा पिक्चर जाने जां बघितलाय मी ओटीटीवर, आता काय वाचू त्यात?" मी त्याला म्हटलं, शेवट माहीत आहे तर अजून बरं, पहिली पाच-सहा पानं घे. इशिगामी सकाळी कामाला निघतो तो रस्ता, नदीकाठची माणसं, त्यांचं रोजचं ठरलेलं, लेखकानं सगळं तिथंच मांडून ठेवलंय, काही लपवलेलं नाही. आपणच घाईनं पुढं जातो. याला मी प्रामाणिक रहस्य म्हणतो. ‘सायलेंट पेशंट’मध्ये सांगणारा आपल्यापासून दडवतो म्हणून आपण फसतो, इथं सगळं उघड्यावर असताना फसतो, आणि परत वाचलं की ती पहिली पानं वेगळीच वाटतात, अंगावर येतात. आमच्याकडं चिरेची शंका आली की कास्टिंग टांगून हातोडीनं टिचकी मारतात, चांगलं असेल तर टण्ण करून वाजत राहतं, चीर असेल तर बद्द. हे पुस्तक वाजत राहतं.

मावशीचं मत वेगळं. तिला इशिगामीचा राग आला. "त्या बाईला इचारलं का त्यानं? उपकार असा करत्यात का, जन्मभर फेडता येऊ नये असा?" यावर आमचं पाऊण तास भांडण. अजून मिटलेलं नाही. मला वाटतं, ज्या पुस्तकावर असं भांडता येतं ते दोन प्रती घ्यायच्या लायकीचं.

२० जुलै
नंदा खरे यांची ‘उद्या’ (२०१४). सगळ्यांवर पाळत ठेवणारं, माणसाचा हिशेब कंपन्यांच्या हातात गेलेलं जवळच्या भविष्यातलं जग. २०२० चा साहित्य अकादमी पुरस्कार जाहीर झाला आणि त्यांनी तो नम्रपणे नाकारला. मोठ्यानं वाचायला हे पुस्तक जड जातं, मावशी दुसऱ्या दिवशी झोपली. मी एकट्यानं रात्री पूर्ण केलं. फोनवरनं आपला जो माग काढला जातो तो आज बघताना ही कादंबरी अकरा वर्षांपूर्वीची वाटत नाही. यादीत घेतली, मावशीचं मत न घेता.

२८ जुलै
मिटिंगमध्ये थोडी तणातणी. मी विवेक शानभागांची ‘घाचर घोचर’ मूळ कन्नडमधनं घ्यायची म्हटलं तर एकदोघांनी विचारलं, मराठी वाचनालयात कन्नड पुस्तक कशाला. मला राग आला नाही, त्यांचं दुखणं मला ठाऊक आहे. ऑफिसात मराठीत अर्ज घेत नाहीत, बोर्डावरनं मराठी उतरवायला लावतात, ते मीही सोसलंय. पण ते भांडण कचेरीशी आहे, कादंबरीशी नाही. आपली पोरं शाळेत कन्नड शिकतात, मग ते नुसतं फॉर्म भरण्यापुरतंच का ठेवायचं? आणि कन्नड कादंबरीकार भैरप्पांना मराठीत घराघरात नेलं ते उमा कुलकर्णी यांनी, त्या आपल्याच बेळगावच्या. पती विरूपाक्ष कन्नड मोठ्यानं वाचायचे, त्या ऐकून मराठीत उतरवायच्या. ऐकून! हे सांगितल्यावर मिटिंगमधल्या एका ज्येष्ठ बाईंनी मान हलवली आणि एक प्रत मंजूर झाली.

२ ऑगस्ट
‘घाचर घोचर’, २०१३ ची, अगदी छोटीशी. मी कन्नड अक्षर लावत लावत वाचतो, त्यामुळं वेग कमी. मावशीला कन्नड वाचता येत नाही पण कळतं सगळं, शेजारच्या अज्जींशी तिचं तीस वर्षं कन्नडमधनंच चालतं. त्यामुळं हे एकच परभाषेतलं पुस्तक मी मराठीत न सांगता थेट वाचलं.

बेंगळुरूमधलं घर, आधी हातातोंडाशी गाठ, मग काकानं मसाल्याचा धंदा काढला आणि पैसा आला. लहान घरात मुंग्या होत्या, सगळे मिळून मुंग्यांशी लढायचे. ते प्रकरण मी वाचतोय आणि मावशी मधेच, "थांब, थांब. आमच्या जुन्या घरात वाळवी होती. तुझ्या आज्जीनं दिवा घेऊन रात्री रात्री बघितलंय." मग अर्धा तास वाळवीच. नवीन घरात गेल्यावर ती माणसं एकमेकांसाठी जी होतात, ती कमावणाऱ्याला जपायला कुठवर जातील हे लेखक सांगतच नाही, नुसतं आपल्याला त्या टेबलाशी बसवून ठेवतो. खुनाचा पुरावा नाही, पोलीस नाही, आणि शेवटच्या पानावर माझा हात गार पडला.

नावाचा शब्द कन्नडमध्ये नाहीच, त्या कथेतल्या बायकोच्या माहेरच्यांनी गुंत्यासाठी केलेला घरगुती शब्द. मावशी म्हणाली, "आमच्याकडं पण होता की तसला, गुत्तुडगा." प्रत्येक घरात असा एक शब्द असतो आणि तो घराबाहेर गेला की मरतो. मला या पुस्तकाचं सगळ्यात जास्त तेच लागलं, की सुनेनं आपल्या माहेरचा शब्द या घरात आणला आणि या घरानं तिला काय दिलं.

बानू मुश्ताक यांच्या ‘हार्ट लॅम्प’ला मे महिन्यात आंतरराष्ट्रीय बुकर मिळाल्यापासून कन्नडबद्दल पोरंही विचारतायत. त्या कथा आहेत, कादंबरी नाही, म्हणून या यादीत नाही. पुढच्या वर्षी.

१९ ऑगस्ट
मावशीचा डावा डोळा झाला. व्यवस्थित. घरी आल्या आल्या विचारलं, "नवीन काय आणलास?"

२३ ऑगस्ट
रिचर्ड ऑस्मन, ‘द थर्सडे मर्डर क्लब’ (२०२०). म्हाताऱ्यांच्या वसाहतीतले चार जण दर गुरुवारी जमून जुने न सुटलेले खून उलगडत बसतात, आणि मग त्यांच्या दारातच एक होतो. रहस्य मला जरा सैल वाटलं, खूप धागे. पण एलिझाबेथ आणि तिचा नवरा स्टीफन, ज्याची स्मृती जात चाललीय, त्यांची पानं आली की मावशी गप्प. काकांचं शेवटचं वर्ष तसंच गेलं. म्हातारी माणसं पुस्तकात आली की एकतर आशीर्वाद द्यायला नाहीतर मरायला, इथं ती डोकं चालवतात. वाचनालयात दुपारी पेपर वाचायला येणाऱ्या ज्येष्ठांसाठी हे हवंच. गणपतीत दहा-अकरा दिवस वाचन बंद राहणार, त्याआधी संपवलं.

९ सप्टेंबर
क्लेअर कीगनचं ‘स्मॉल थिंग्ज लाइक दीज’ (२०२१). दोन बैठकांत संपलं. १९८५ सालचं आयर्लंड, नाताळच्या आधीचे दिवस, बिल फर्लाँग नावाचा कोळसा-लाकडाचा व्यापारी, पाच पोरींचा बाप. मठात कोळसा टाकायला जातो आणि कोळशाच्या खोलीत कोंडलेली एक पोरगी त्याला सापडते. वखारीचं वर्णन मावशीला लगेच पटलं, तिचे सासरे लाकडाच्या वखारीत हिशेबाला होते, थंडीत नखात बसलेली काळी रेघ ती हाताला हात लावून दाखवत होती. पोरींना कोंडून राबवणारी त्या मठांमधली धोबीघरं खरी होती, शेवटचं १९९६ मध्ये बंद झालं आणि सरकारनं माफी मागितली २०१३ ला.

इथं रहस्य एवढंच की हा माणूस काय करणार. गावातले सगळे सांगतात, गप्प बस, पोरींच्या शाळा मठाच्याच हातात आहेत. मला विचाराल तर या सगळ्या यादीत छातीत धडधड सगळ्यात जास्त याच पुस्तकात झाली.

१५ सप्टेंबर
कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार. हे मी शेवटी ठेवलं होतं कारण मला वाटलं मावशीला रहस्यच पाहिजे. धरणामुळं उठलेलं गाव आणि मागं राहिलेली म्हैस परत आणायला गेलेला माणूस. बोली पन्हाळ्याकडची, म्हणजे आमच्यापासनं फार लांब नाही. इथं मला काही सांगावं लागलं नाही, समजावावं लागलं नाही, वाचताना माझा आवाज आपोआप आजोबांसारखा व्हायला लागला.

१८ सप्टेंबर
आज मावशीनं मधे एकदाही "पुढं?" म्हटलं नाही. पान उलटायला थांबलो तर म्हणाली, "आमची आत्या हिडकलकडची." मला माहीतच नव्हतं. घटप्रभेवरचं धरण झालं तेव्हा तिच्या आत्याचं गाव पाण्यात गेलं. आत्यानं निघताना घराच्या दाराची चौकट काढून गाडीत घातली, आणि नवीन जागी घर लहान पडलं म्हणून ती चौकट कधी बसलीच नाही, गोठ्याच्या भिंतीला टेकून राहिली. मावशी लहानपणी सुट्टीला गेली की तिच्यातनं इकडनं तिकडं जायचा खेळ खेळायची. आत्या ओरडायची, खेळू नका तिथं. का ओरडायची ते आज कळलं म्हणाली.

उन्हाळ्यात त्या धरणाचं पाणी उतरलं की हुन्नूरचं विठ्ठलाचं देऊळ बाहेर येतं, लोक फोटो काढायला जातात, मी पण गेलोय मित्रांबरोबर बाइकवरनं, सेल्फी काढलाय. तेव्हा माझ्या डोक्यात हे आलं नव्हतं की त्या देवळाभोवती घरं होती.

त्या माणसाचं आणि म्हशीचं पुढं काय होतं ते इथं लिहीत नाही. एवढंच लिहितो की जनावर मागं ठेवून आलेल्या माणसाच्या मनात जे चालतं त्याच्यापुढं कुठलाही थ्रिलर टिकत नाही, आणि हे आपल्या बोलीत लिहिलंय.

२४ सप्टेंबर
भैरप्पा गेले. दुपारी कामावर असताना कळलं. संध्याकाळी नवीन काही वाचलं नाही. मावशीकडची ‘पर्व’ची जाड प्रत, उमाताईंचा अनुवाद, पाठीला कापडी चिकटपट्टी लावलेली, ती काढून मधलीच दहा-बारा पानं वाचली. शेजारच्या अज्जीपण येऊन बसल्या होत्या. मी मराठीत वाचत होतो, त्या कन्नडमध्ये पुढचं सांगत होत्या.

५ ऑक्टोबर
खरेदी झाली. बिल फाइलला लावलंय. ‘रिंगाण’च्या दोन प्रती, ‘सस्पेक्ट एक्स’च्या दोन, बाकी सगळ्यांची एकेक, शिल्लक पैसे दिवाळी अंकांना. मिटिंगमध्ये विचारलं, थ्रिलरच्या खात्यात ‘रिंगाण’ कसं? मी म्हटलं रजिस्टरला कुठल्याही खात्यात घाला, कपाटात मात्र थ्रिलरच्या शेजारी ठेवा, पोरांचा हात तिथंच जातो.

जुन्या रहस्यकथांत कुणीतरी पहिल्याच पानावर पेन्सिलनं खुन्याचं नाव लिहून ठेवायचं, तशा सात प्रती निघाल्या. काल रबर घेऊन बसलो आणि सगळ्या साफ केल्या.

मावशीला नवीन चष्मा परवा मिळाला. ‘रिंगाण’ची एक प्रत तिच्या नावावर नोंदवून नेऊन दिली. मी वाचून दाखवलेलं परत पहिल्यापासनं स्वतः वाचतेय, ओळीखाली बोट धरून. मधेच मला म्हणाली, "हे इथलं तू वाचलाच नव्हतास." बघितलं तर खरंच, अर्धं पान माझ्याकडनं राहिलं होतं.